वाडीसाठी चेनसॉ घेताना



१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं आणि डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांत झाडं आडवी झाली. अशा वेळी चेनसॉ भाड्याने मिळत नाही, कारण ती सगळ्यांनाच एकदम हवी असते. वादळ नसलं तरी काम आहेच. जुन्या वाड्यांत फांद्या एकमेकींत शिरल्यात, खाली ऊन पोचत नाही, आणि अशा दाटीत किडीचं फावतं. कोणती फांदी काढायची हे कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मी आज मशीनपुरतं बोलतो.

दुकानात नजर जाते ती ५८ सीसी, २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि दहा हजारांच्या आतली किंमत यांवर. वाडीच्या रोजच्या कामासाठी मला हा सौदा पटत नाही. आपल्या बहुतेक कामाला १६ ते १८ इंची बार पुरतो. लांब बारचं टोक मागच्या फांदीला नकळत टेकतं आणि मशीन उसळून अंगावर येतं. वर्षातून चार दिवस सरपण कापणाऱ्याला स्वस्त मशीन चालेलही. पण हंगामभर छाटणी करायची असेल, तर ४५ सीसीच्या आसपासचं नामांकित मशीन घ्यावं.

नमुन्यादाखल दोन पाहू. स्टिल कंपनीचं एमएस २५० हे ४५.४ सीसीचं, २.३ किलोवॅट ताकदीचं, बार आणि चेन सोडून ४.६ किलो वजनाचं. हुस्क्वार्नाचं ४४५ हे ४५.७ सीसीचं, २.१ किलोवॅटचं, ४.९ किलोचं. ताकदीतला हा फरक कापताना फारसा जाणवणार नाही, वजनातला मात्र संध्याकाळी खांद्याला कळतो. ४४५ ला पेट्रोल वर ओढणारा रबरी फुगा असतो, त्यामुळे बंद पडून राहिलेलं मशीन कमी ओढींत सुरू होतं. शिवाय बराचसा भुसा फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच बाहेर फेकला जातो. तरीही माझा कौल मेकॅनिक पाहून. कार्बोरेटरचा पडदा, क्लच, स्टार्टरची दोरी हे सामान डहाणूच्या बाजारात ज्या मशीनचं मिळेल, ते आपलं. तलासरीकरांना महामार्गाने वापी जवळ पडतं. त्यांनी तिथे चौकशी करावी. सुट्या भागासाठी महिनाभर थांबावं लागलं, तर छाटणीचा हंगाम निघून जातो.

आता सुरू होण्याबद्दल. मशीन सुरू होत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा टाकीतल्या पेट्रोलचा असतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. बोर्डी-घोलवडच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळाभर तेच पेट्रोल आत राहिलं, की कार्बोरेटर खराब होतो. पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. विकत घेण्यापूर्वीच ते पान दुकानदाराकडून दाखवून घ्या. महिन्यापेक्षा जुनं मिश्रण वापरू नका. जूनमध्ये टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच ठेवून द्या. लिटरला कंपनीचं टू-स्ट्रोक ऑइल सहसा २० मिली लागतं. पण पुस्तिकेत दुसरं प्रमाण असेल तर तेच पाळा. अंदाजाने ओतू नका, माप ठेवा.

दुसरी गोष्ट चोकची. थंड मशीन पूर्ण चोकवर ओढायचं. एकदा खोकल्यासारखा आवाज आला, की चोक लगेच कमी करायचा. तसंच ओढत राहिलं तर प्लग भिजतो आणि घामाघूम होऊनही काही घडत नाही. मग प्लग काढून पुसायचा, प्लगविना थोडा वेळ दोरी ओढायची, प्लग बसवून चोकशिवाय पुन्हा प्रयत्न करायचा.

दुकानात मशीन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. पाच मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि गरम मशीन पुन्हा सुरू करा. खरी परीक्षा इथे होते. एक्सिलरेटर सोडल्यावर चेन थांबलीच पाहिजे. बारचं टोक कागदासमोर धरून वेग वाढवला, की कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. चिकूचं लाकूड कठीण, त्यात सालीचा चीक. तेल कमी पडलं तर बार लवकर झिजतो. चेनच्या मापाची गोल कानस त्याच वेळी घ्या. .३२५ इंची मापाच्या चेनला ४.८ मिलिमीटरची लागते. पिठासारखा भुसा पडू लागला, की चेन बोथट झाली असं समजा.

तलासरीकडे साग-खैर तोडायचे असतील तर आधी परवानगी घ्या. १९६४ चा वृक्षतोड कायदा खाजगी जमिनीलाही लागू आहे.

शिडीवर उभं राहून हे मशीन कधीही चालवू नका. वरच्या फांद्यांना लांब दांड्याची करवत वापरा. सुरू करताना चेनचा ब्रेक पुढे ढकलून ठेवा, मशीन जमिनीवर ठेवून मागच्या मुठीत पाय रोवा, समोर कुणी उभं नाही ना ते पाहा, आणि मग दोरी ओढा.