सुटलेल्या घरांच्या कादंबऱ्या

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त अँटॉप हिल येथील एका वाचनालयाच्या वाचक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



'अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्यांविषयी बोला,' असे कार्यकर्त्यांनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी समीक्षक नाही. कलाशाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रात शिरलो आणि तीस वर्षे बातम्यांच्या मागे धावलो. परंतु नंतर विचार केला की, कादंबरी काही समीक्षकांसाठी लिहिली जात नाही. ती आपल्यासारख्यांसाठीच लिहिली जाते. म्हणून आज जे बोलणार आहे ते एका वाचकाचे वैयक्तिक मत आहे. ते सर्वांना पटावे असा माझा आग्रह नाही.

दुसरे कारण असे, की निमंत्रण अँटॉप हिलचे होते. माझे बालपण येथील केंद्र सरकारच्या कर्मचारी वसाहतीत गेले. या परिसराचे एक वैशिष्ट्य आहे. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे थोडी. वसाहतीत बदली होऊन आलेले कर्मचारी, कोळीवाड्यात फाळणीनंतर आलेली पंजाबी कुटुंबे, प्रतीक्षा नगरच्या संक्रमण शिबिरांत जुन्या मोडकळीस आलेल्या चाळींतून आलेले रहिवासी, आणि भोवतालच्या वस्त्यांमधून कोकणापासून तमिळनाडूपर्यंतची माणसे. कोकरी आगर या नावात तेवढी मिठागरांची आठवण उरली आहे. थोडक्यात, आपण सारे कुठले तरी घर सोडून येथे आलेलो आहोत. योगायोग असा, की गेल्या काही वर्षांत मी ज्या मराठी कादंबऱ्या वाचल्या, त्यांपैकी मनात राहिलेल्या जवळजवळ सगळ्याच सुटलेल्या घरांच्या आहेत.

एक कबुली

आरंभ एका कबुलीने करतो. २०१० साली भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' प्रसिद्ध झाली. 'कोसला' १९६३ची. या दोन कादंबऱ्यांमध्ये सत्तेचाळीस वर्षांचे अंतर. मधल्या काळात नेमाड्यांच्या इतर कादंबऱ्या आल्या होत्या. तरीही 'हिंदू'ची वाट मराठी वाचक फार दीर्घ काळ पाहत होता. ती आली आणि शीर्षकावरूनच वाद पेटला. आपल्या विचारांच्या वर्तुळात तर नाराजी होतीच. मीही त्या वेळी एक खरमरीत टिपण लिहिले. हिंदू या शब्दापुढे 'अडगळ' हा शब्द यावा याचा मला संताप आला होता. टिपणाचे कौतुक झाले. चार लोकांनी दूरध्वनी करून अभिनंदन केले. आणि बंधुभगिनींनो, तोवर मी त्या कादंबरीचे एक पानही वाचलेले नव्हते.

पुढे २०२० साली टाळेबंदीत घरी बसलो असताना ती सुमारे सहाशे पानांची कादंबरी अखेर हाती घेतली. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडिलांच्या आजाराची वार्ता कळल्यावर खानदेशातील आपल्या मोरगावकडे निघतो. या परतीच्या प्रवासात त्याच्या मनात घर, गाव, भावकी, शेती, जाती, सण, बायकांची दुःखे, भटक्यांचे तांडे असे सारे उसळून येते. वाचता वाचता मला आमच्या क्वार्टरमधला माळा आठवला. आई तेथे काहीही टाकून देत नसे. फुटका पाळणा, आजीचे जाते, पितळेचे गळके घंगाळ, सारे जपून ठेवलेले. वडील त्याला अडगळ म्हणत. परंतु त्यांनीही त्यातली एक वस्तू कधी बाहेर काढली नाही. शीर्षकातला 'अडगळ' हा शब्द मी २०१० साली वाचला होता. त्याच्या आधीचा 'समृद्ध' हा शब्द वाचलाच नव्हता.

याचा अर्थ मला ती कादंबरी सर्वस्वी पटली असा नाही. तिच्यातील काही विधाने मला आजही एकांगी वाटतात. कित्येक ठिकाणी पाल्हाळ आहे, आणि मधूनमधून कथा थांबून लेखकाचे व्याख्यान सुरू होते. परंतु हे मत मी आता वाचून बनवलेले आहे. पूर्वीचे मत उसने होते. न वाचता केलेली निंदा आणि न वाचता केलेली स्तुती, दोन्ही सारख्याच खोट्या. आपण मंडळी संस्कारांविषयी पुष्कळ बोलतो. पुस्तक संपवल्यावाचून त्याच्याविषयी मत देऊ नये, हाही एक संस्कारच आहे, आणि तो मला वयाच्या पन्नाशीत घ्यावा लागला.

मागे राहिलेली म्हैस

आता मला अलीकडे सर्वांत अधिक भावलेल्या कादंबरीकडे वळतो. कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही कादंबरी छोटेखानी आहे. धरणामुळे गाव उठते, माणसे दुसरीकडे वसवली जातात. मात्र म्हैस मागे, जुन्या रानातच राहते. तिला आणायला एक माणूस परत जातो, तर ती म्हैस आता रानटी झालेली. माणसाने माणसाळवलेले जनावर माणूस गेल्यावर पुन्हा रानाचे होते. तो तिला ओळखतो. ती त्याला ओळखायला तयार नाही.

धरणग्रस्तांवर मराठीत पूर्वीही लिहिले गेले आहे. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ला १९९२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'झाडाझडती'त मोर्चे आहेत, कचेऱ्या आहेत, दलाल आहेत. प्रशासनात राहिलेल्या लेखकाने ती यंत्रणा आतून दाखवली आहे. ती वाचताना आपल्याला राग येतो. 'रिंगाण' वाचताना राग येत नाही, पोटात खड्डा पडतो. कारण येथे कोणी खलनायक समोर उभा नाही. एक माणूस, एक जनावर आणि दोघांमधले तुटलेले नाते, एवढेच आहे. पन्हाळ्याच्या परिसरातली बोली आरंभी थोडी अडखळवते. माझी विनंती आहे, पहिली वीस पाने धीर धरा. पुढे ती बोली आपले बोट धरते.

ही कादंबरी मिटली तेव्हा मला माझे वडील दिसले. १९८९ साली ते निवृत्त झाले आणि नियमाप्रमाणे क्वार्टर सोडावे लागले. आम्ही डोंबिवलीला गेलो. जागा आमच्या मालकीची नव्हतीच, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? वडीलही चकार शब्द बोलले नाहीत. परंतु त्यांनी येथील वाचनालयाचे सदस्यत्व मात्र सोडले नाही. डोंबिवलीत चांगली ग्रंथालये असताना ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पिशवीत पुस्तक घालून निघत, कुर्ल्याला गाडी बदलत आणि गुरू तेगबहादूर नगर स्थानकावर उतरत. जुनी माणसे त्या स्थानकाला अजून कोळीवाडाच म्हणतात. पुस्तक बदलायला दोन मिनिटे लागत. वडील परतत ते संध्याकाळी. मी एकदा त्यांना रागाने म्हणालो होतो, 'बाबा, एका पुस्तकासाठी एवढी दगदग कशाला?' ते हसले फक्त. आमच्या जुन्या इमारतीसमोरच्या कट्ट्यावर ते दुपारभर बसत, हे मला ते गेल्यानंतर शेजाऱ्यांकडून कळले. पुस्तक हे निमित्त होते. एका लेखकाने दूर पन्हाळ्याकडे बसून म्हशीची कथा लिहावी आणि मला माझे वडील तीस वर्षांनी समजावेत, यापेक्षा कादंबरीने अधिक काय करायचे असते?

आपल्या उंबरठ्यावरचे

येथून दोन-तीन मैलांवर गिरणगाव आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतल्या बहुसंख्यांच्या हाती पुन्हा कधी काम आले नाही. विश्वास पाटील यांची 'लस्ट फॉर लालबाग' ही कादंबरी या विषयाची आहे. मी ती मोठ्या अपेक्षेने उघडली. गिरण्यांच्या जमिनी, त्यांच्यावर डोळा ठेवणारे, कामगारांच्या घरांची होणारी वाताहत हा सारा पट लेखकाने परिश्रमपूर्वक उभा केला आहे. माझ्यासारख्या पत्रकाराला त्यातले तपशील मोलाचे वाटले. तरीही प्रांजळपणे सांगतो, मन भरले नाही. घटनांचा वेग इतका, की चित्रपट पाहतो आहोत असे वाटत राहते. पात्र जरा ओळखीचे होते न होते तोच पुढचा प्रसंग आदळतो.

याच संपानंतरच्या काळावर जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक आहे. त्यात चाळीतली एकच खोली आणि एकच धुरू कुटुंब आहे. पण त्या खोलीत सारा गिरणगाव मावतो. कादंबरीची आणि नाटकाची तुलना करू नये, हे मला ठाऊक आहे. परंतु वाचक म्हणून मला इतकेच कळते की, अडीच लाखांचे दुःख सांगायचे असेल तर आधी एका घरात बसावे लागते. पवार २०२१ साली आपल्यातून गेले. त्यांनी गिरणगावावर एखादी मोठी कादंबरीही लिहायला हवी होती, असे मला फार वाटते.

कुळाचा अभिमान आणि उद्याची काळजी

आपल्या घरांमध्ये ऐतिहासिक कादंबऱ्या आवडीने वाचल्या जातात. माझ्याही कपाटात त्या आहेत. अशा वाचकांना मी आवर्जून रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' सुचवीन. २०१९ साली आलेली ही कादंबरी आठशे पानांच्या घरात जाते. एका कुळाचा शोध घेत ती मध्ययुगापासून आजपर्यंत सुमारे सात शतके ओलांडते. येथे सिंहासनावरचा इतिहास नाही. तो ज्यांच्या अंगावरून गेला, त्या सामान्य माणसांचा इतिहास आहे. मधला काही भाग मला जड गेला, आणि दोनदा पुस्तक बाजूला ठेवले. परंतु शेवटी एक गोष्ट पटली. आपण आपल्या कुळाच्या शुद्धतेचा जो अभिमान बाळगतो, तो फार पातळ पायावर उभा असतो. प्रत्येक कुळात कोणीतरी पळून आलेला आहे, कोणीतरी आसरा दिलेला आहे. समाज एकसंध व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तर हे वाचलेच पाहिजे.

नंदा खरे यांची 'उद्या' मात्र पुढच्या काळात डोकावते. माणसाची प्रत्येक हालचाल नोंदली जाणारा, मुलींची संख्या घटलेला समाज तिच्यात आहे. या कादंबरीला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला. २०२२ साली ते गेले. ते कडवे बुद्धिवादी. त्यांची आणि माझी मते फारशी जुळली नसती. पण ती वाचल्यापासून भ्रमणध्वनीवर कोठलीही परवानगी देताना माझा अंगठा क्षणभर थांबतो. ज्याच्याशी मतभेद आहेत त्याच्या पुस्तकाने आपल्याला सावध करावे, यात कमीपणा कसला?

न लिहिलेली कादंबरी

समारोप करताना एक खंत बोलून दाखवतो. मधु मंगेश कर्णिकांनी 'माहीमची खाडी' लिहिली. अरुण साधूंनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहून एका पत्रकाराला कादंबरीतून किती शहर दाखवता येते हे सिद्ध केले. परंतु अँटॉप हिलची कादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. मिठागरांच्या काठी उठलेल्या या वस्त्या, निवृत्तीच्या दिवसाची धास्ती घेऊन जगणाऱ्या या सरकारी खोल्या, भिंतीला भिंत लावून नांदणाऱ्या दहा भाषा, यांचा लेखक अजून यायचा आहे. कदाचित तो आज मागच्या रांगेत बसलाही असेल.

पण लेखक यावयाचा तर आधी वाचक असावा लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. मात्र दर्जा शासन देऊ शकते. वाचक शासन देऊ शकत नाही, तो घरातच घडतो. मी आपल्याला मोठे व्रत सांगत नाही. वर्षातून दोन समकालीन मराठी कादंबऱ्या विकत घ्या किंवा येथून न्या, त्यांतली एक आपल्याला न पटणाऱ्या लेखकाची असू द्या, आणि दोन्ही शेवटच्या पानापर्यंत वाचा. जेवताना मुलांसमोर त्यांच्याविषयी भांडा. घरात पुस्तकावरून भांडण होते हे मुलांनी पाहिले, की ती आपणहून ते पुस्तक उघडतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

वडील गेल्यावर त्यांच्या पिशवीत या परिसरातल्या वाचनालयाचे एक पुस्तक निघाले होते. परत करण्याची तारीख उलटून गेली होती. मी ते घेऊन आलो, तेव्हा ग्रंथपालांनी दंड घेतला नाही. त्या दिवशी मीही वडिलांच्या त्याच कट्ट्यावर थोडा वेळ बसलो, आणि मग परतीची गाडी पकडली.