झोपडीतलं गाणं आणि पुराची रात्र

आज एकाच गाण्याबद्दल बोलायचंय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते लहानपणी ऐकलं असेल, आणि 'काय जुनाट गाणं' म्हणून सोडूनही दिलं असेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं 'या झोपडीत माझ्या'.

मी भंडाऱ्याची. आमच्याकडे तुकडोजी महाराज फक्त भिंतीवरच्या फोटोत नाहीत. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरी वाजते. माझी आजी त्या प्रार्थनेला कधी खाडा करत नसे. घरी तांदूळ निवडतानाही तिचं हेच गाणं चालू.

मला मात्र राग यायचा. आमचं घर कौलारू. पावसात दोन ठिकाणी गळायचं, खाली गंज ठेवावा लागायचा. असल्या घरात राहून वर झोपडीचं कौतुक कशाला करायचं?

मग आला ऑगस्ट २०२०. महिना संपता संपता वैनगंगेला मोठा पूर आला. आमच्या घरात पाणी शिरलं. कपडे, कागदपत्रं आणि आजीला घेऊन आम्ही निघालो. ते दिवस कोरोनाचे. लोक शेजाऱ्याला दारातून परत पाठवत होते. तरी उंचावरच्या वस्तीतल्या एका घरानं आम्हाला आत घेतलं. खोल्या दोन, माणसं त्यांचीच सहा. त्यांनी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण वाढलं, अंथरूण दिलं. 'किती दिवस राहणार?' असं कुणी विचारलंच नाही.

रात्री मला रडू आलं. आजी म्हणाली, "काऊन रडून राह्यली बाई? छत आहे ना डोक्यावर." आणि हळू आवाजात तिनं तेच गाणं सुरू केलं. त्या घरातल्या काकूंनी दुसरी ओळ उचलली.

तेव्हा गाणं नीट ऐकलं. महालात पहारे असतात, तिजोऱ्या असतात, येणाऱ्याला अडवलं जातं. झोपडीत कुणीही सुखानं यावं, सुखानं जावं, कुणाचं कुणावर ओझं नाही. म्हणजे हे गरिबीचं कौतुक नाहीच! ज्यांनी 'ग्रामगीता' लिहून गावाची स्वच्छता, शिक्षण, उद्योग यांवर इतकं सांगितलं, ते गळकं घर तसंच राहू द्या असं कसं म्हणतील? गाणं छपराचं नाही, दाराचं आहे.

आपलं घर कोणतं? जिथं आपल्याला ओझं समजत नाहीत, ते. त्या रात्री ते घर आमचं नव्हतं, तरी आमचं होतं.

आजी आता नाही. मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते. दाराला दोन कुलपं, वर सीसीटीव्ही. पण भंडाऱ्याहून कुणी परीक्षेला, इंटरव्ह्यूला येणार असलं की मी सांगून ठेवते, लॉज बघू नका, इकडेच या. खोली लहान आहे, चटई टाकू. एवढं तरी त्या गाण्याशी इमान राखायला नको?

तर आज रात्री हेडफोन लावा आणि ते गाणं एकदा शांतपणे ऐका. आणि तुमच्यासाठी असं दार कुणी उघडलं होतं, त्यांना एक फोन करा. भेटू पुढच्या भागात. जय गुरुदेव!