उबवणीची अंडी आणि मे महिन्याची सुट्टी



‘अंडी उबवणे’ म्हटले की खुडूक कोंबडी डोळ्यांपुढे येते. भाषांतर करताना या क्रियापदाने मला बरेच छळले, कारण सरड्याची मादी अंड्यांवर बसत नाही. ती अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. ऊब द्यायची ती जमिनीने. पिंजऱ्यात हे काम पाळणाऱ्याच्या अंगावर येते, आणि मे महिन्यात तोच सहकुटुंब गावाला निघतो.

ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा घ्या. (आपली घोरपड घरी ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे.) त्याच्या अंड्यांना सुमारे २९ अंश उष्णता दोन महिने लागते. रायपुरात मे महिन्यात पारा ४०च्या पुढे जातो. बंद घराची कल्पना करा. सुमारे ३२ अंशांच्या वर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लेही माद्या होऊ लागतात. असे सरडे रानातही आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. उष्णता आणखी वाढली की गर्भच दगावतो.

तेव्हा शेजाऱ्यांना किल्ली देताना तापमापकही दाखवावा. मोठा सरडा एक-दोन दिवस उपाशी राहिला तरी निभावते. खरे भय आहे ते शेजाऱ्यांच्या सेवाभावाचे! कोंबडीची अंडी रोज फिरवावी लागतात, हे त्यांना ठाऊक असते. सरड्याच्या अंड्यातील गर्भ मात्र कवचाला आतून चिकटलेला असतो. अंडे उलटले तर तो मरू शकतो. प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करावी आणि ती वरच राहिली पाहिजे, असे त्यांना निक्षून सांगावे.