उरलेला भात गव्हाणीत नको, तव्यावर घाला



लग्नकार्य, वास्तुशांत किंवा सप्ताह उरकला की पातेलेभर भात उरतो. उकिरड्यावर टाकणे जिवावर येते, म्हणून तो गाई-म्हशींपुढे ओततात. कृषिविद्या हा माझा विषय, स्वयंपाक नव्हे. तरीही यावर बोलतो, कारण या सवयीपायी दुभती जनावरे दगावतात.

कडबा व गवत जनावराच्या कोटीपोटात सावकाश आंबते. शिजलेल्या भातातील पिष्टाचे तसे नाही. सवय नसलेल्या जनावराने तो एकदम भरपूर खाल्ला, की काही तासांतच कोटीपोटात लॅक्टिक आम्ल साचते. रवंथ थांबते, शेण पातळ व आंबूस होते, जनावर झोकांड्या खाते आणि बसते ते उठत नाही. पोळ्या, पीठ, धान्य यांचेही तसेच. अशी लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे.

मग या भाताचे काय करावे? तो घरातच खावा. एक किलो तांदळाचा साधारण अडीच ते तीन किलो भात होतो. म्हणजे पाच किलो भात टाकला, तर जवळजवळ दोन किलो तांदूळ टाकला. चिखलणी-लावणी केलेल्यांना याहून अधिक सांगायला नको.

जेवणे उरकताच भात परातीत पातळ पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. काही जिवाणूंचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात पातेल्यात कोमट राहिला की ते वाढतात व विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रीज नसेल तर भात सकाळपर्यंत न ठेवता त्याच वेळी धिरडी करावीत.

दोन वाट्या भात हाताने कुस्करावा. त्यात एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, ओवा, हळद, तिखट व मीठ घालावे. ताक घालून पीठ सरसरीत भिजवावे. बेसनामुळे धिरडे एकसंध राहते. ते वगळले तर उलटताना हमखास तुटते! बिडाच्या तव्यावर तेल सोडून, झाकण ठेवून दोन्ही बाजू खरपूस भाजाव्यात. शहरात असेच पीठ वॅफलच्या साच्यात घालून चौकटीचे वॅफल करतात. पोरांना गंमत वाटते, पण त्यासाठी साचा विकत घेण्याची गरज नाही.

आंबूस वासाचा, चिकट झालेला किंवा रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र धिरड्यात घालू नये. तो कंपोस्टच्या खड्ड्यात पातळ पसरून वर काडीकचरा व मातीचा थर द्यावा. उघडा टाकल्यास शेजाऱ्याची सुटलेली म्हैस तेथे पोचायला वेळ लागत नाही.