वही लपवू नका

(नवोदित लेखकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रांनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या मैत्रिणींनो, जय भीम.

तुमच्या चिठ्ठ्या आल्यात. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत एकच रड आहे. 'लिहावंसं वाटतं, पण धीर होत नाही. आमचं शुद्धलेखन कच्चं. आम्हाला कोण वाचणार?' म्हणून साहित्याची व्याख्या-बिख्या आज बाजूला ठेवतो आणि या भीतीवरच बोलतो.

ही भीती आपण आईच्या पोटातून आणलेली नाही. ती आपल्यावर लादलेली आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना अक्षराला शिवू दिलं नाही, त्यांचा हात कोऱ्या कागदापुढं थरथरणारच. पण थरथरत्या हातानंही लिहिता येतं. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. 'ज्ञानोदय'नं तो छापला. तिच्यापुढं कुठल्या थोर साहित्यिकाचा नमुना होता? समोर दुःख होतं आणि नुकतंच हाती आलेलं अक्षर होतं. तेवढ्या भांडवलावर त्या पोरीनं धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला.

आता शुद्धलेखनाचं. मी उमेदीची वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली. केसपुढं उभं राहून पाय सुजायचे, बोटं शिशानं काळी व्हायची. नावाजलेल्या लेखकांची हस्तलिखितं या हातांतनं गेली. काय असायचं त्यात? खाडाखोड, शाईचे डाग, एकच शब्द एका पानावर ऱ्हस्व आणि दुसऱ्या पानावर दीर्घ. प्रुफं तपासणारा ते मुकाट्यानं दुरुस्त करायचा. पुस्तक बाहेर आलं की लोक म्हणायचे, वा, काय भाषा आहे! प्रुफं तपासणाऱ्याचं नाव कुठंच नसायचं. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्यांची चूक झाली तर ती घाई, आणि आपली झाली तर लगेच आपली जात निघते!

मग मीही एक कथा लिहून एका मासिकाला धाडली. साभार परत आली. सोबत दोन ओळी : अनुभव दाहक आहे, भाषा सुधारा. मी कथा पुन्हा वाचली. माझ्या आजीचं बोलणं मी आजीच्या तोंडचंच ठेवलं होतं. आता आजीला काय सुधारायचं? कथा तशीच दुसरीकडं धाडली. छापून आली. ऱ्हस्व-दीर्घ शिका, जरूर शिका, ते आपल्या कामाचं हत्यार आहे. पण ते येईस्तोवर लेखणी खाली ठेवू नका.

दुसरी चिठ्ठी म्हणते, आमच्या जगण्यात लिहिण्यासारखं काय आहे? अरे लेका, हातानं मैला काढण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. २०१३ साली दुसरा झाला, त्यात गटारं आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाईही आली. तरी माणसं टाकीत उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. पेपरात चार ओळी येतात. कधी नावही येत नाही. पण तू त्याच गल्लीत राहतोस. तो सकाळी काय खाऊन गेला, दोरी कुणी धरली होती, ठेकेदारानं पहिला फोन कुणाला केला, त्याच्या बायकोला निरोप कुणी दिला, हे तुला ठाऊक आहे. 'या व्यवस्थेचा धिक्कार असो' हे वाक्य कुणीही लिहील. ती दोरी किती हात लांब होती हे तूच लिहिशील. आधी दोरी लिही. धिक्कार वाचणाऱ्याच्या तोंडून आपोआप निघेल.

रोजच्या जगण्यातनं लेखकानं शिकायचं ते एवढंच. बघायचं, विचारायचं, टिपून ठेवायचं. वही नसेल तर खिशातल्या मोबाइलवर टिपा. पाळीवरून आल्यावर अर्धा तास काढा. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली आणि १९७२ साली 'गोलपिठा' दिला. दया पवारांनी रेल्वेची नोकरी केली आणि १९७८ साली 'बलुतं' दिलं. टेबल-खुर्ची मिळाली की लिहू म्हणणारा तसाच म्हातारा होतो.

आणि आत्मविश्वास? तो एकट्यानं आरशापुढं उभं राहून येत नसतो. तो ऐकणाऱ्यांकडून मिळतो. अण्णा भाऊ साठ्यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही. पण १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं आणि अमर शेख, गव्हाणकरांसोबत अण्णा भाऊ कामगारांपुढं उभे राहिले. समोरचा कामगार उठून गेला तर शाहिराला तिथल्या तिथं कळतं. अशा परीक्षा दिलेल्या माणसानं १९५९ साली 'फकिरा' दिली. म्हणून सांगतो, लिहिलेलं आधी वस्तीत वाचा. 'असं नव्हतं रे बाबा, त्या दिवशी नळाला पाणीच नव्हतं,' असं एखादी म्हातारी म्हणाली तर मुकाट्यानं खोडा आणि दुरुस्त करा. ती तुमची पहिली संपादक.

आता पोरांनो, जरा कडू बोलतो. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून लिहायच्या. आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवायच्या. सुमारे वीस वर्षं! फलटणमध्येच राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना ते कळलं, त्यांनी छापायचा धीर दिला, आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. वीस वर्षं वही लपवावी लागली ती कुठल्या प्रस्थापित संपादकाच्या भयानं? नाही. घरच्याच धाकानं. आणि घर आंबेडकरी चळवळीतलं!

आपण सभेत विद्रोह बोलायचा, आणि घरी बहिणीनं वही काढली की म्हणायचं, आधी भाकरी थाप. हा कुठला विद्रोह? मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली. आपल्या चुलीमागं तिची एखादी प्रत राहिली असेल तर आज घरी जाऊन शोधा. किती लेखक आपणच मारलेत याचा हिशोब कुठल्याच छापखान्यात मिळणार नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी इथंच जमायचं. प्रत्येकानं एक पान लिहून आणायचं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. कविता असो, कथा असो, नुसती हकिकत असो. वाचताना आवाज कापला तरी चालेल, कुणी हसायचं नाही. पहिला नंबर मागच्या रांगेचा. सतरंज्या पोरांनी घालायच्या, चहाही पोरांनीच करायचा. आणि तो देऊन झाला की खाली बसून ऐकायचं.

जय भीम!