रिव्काची दाई

(हूफडॉर्प, नेदरलँड्स येथे एका कुटुंबाच्या घरी हबदालानंतर झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून.)



मुंबईत परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केलेली आपली एक कन्या रुग्णालयातील पहिल्या नोकरीच्या शोधात या गावी आली आहे. तिच्या आईवडिलांनी आपल्या मनातील दोन शंका मजजवळ मोकळेपणाने बोलून दाखविल्या. त्या अनेक घरांतल्या असल्यामुळे त्यांच्या अनुमतीने आज त्यांविषयीच बोलतो.

पहिली शंका अशी : शिकलेल्या मुलीने येथे मदतनीस म्हणून राबावे, हा तिच्या विद्येचा अपमान नव्हे काय?

या देशात परिचारिका हे अभिधान कायद्याने संरक्षित आहे. ‘बिग’ नावाच्या सरकारी नोंदवहीत नाव चढल्यावाचून ते कोणासही लावता येत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी येथे आपोआप ग्राह्य धरली जात नाही. डच भाषेची आणि व्यवसायज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. यात कोणाचा अपमान नाही. मध्यरात्री एखादी वृद्धा आपली वेदना पुस्तकी भाषेत नव्हे, आपल्या बोलीत सांगते. ते जिला कळत नाही, तिच्या हाती औषध देणे धोक्याचे होय.

येथे मराठीचा एक लाभ सांगतो. पंचवीस म्हणताना डच मनुष्य आधी पाच उच्चारतो, मग वीस. इंग्रजीतून विचार करणाऱ्याची पंचवीस आणि बावन्न यांत गल्लत होते. आपले अंक लहानपणापासून असेच उलटे असतात. तेव्हा मुली, औषधाचे माप ऐकताना मनात मराठीच असू दे. आणि ऐकलेला आकडा पुन्हा उच्चारून खात्री करून घे.

तोरामध्ये रिव्का माहेर सोडून इसहाककडे निघते, तेव्हा तिची दाईही सोबत निघते. त्या प्रसंगी त्या दाईचे नावसुद्धा सांगितलेले नाही. अनेक अध्यायांनंतर, बेथेलजवळ तिला मूठमाती दिली जाते, तेव्हा आपणांस कळते की तिचे नाव दबोरा होते. आणि ज्या वृक्षाखाली तिला पुरले, त्याला रुदनाचा वृक्ष म्हणू लागले. परदेशी निघताना जी निनावी होती, तिचे नाव सेवेने तोरामध्ये कोरले गेले. आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांनीही परक्या लंडनमध्ये शिक्षण घेतले आणि पुढे 1928 ते 1947 या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली.

दुसरी शंका शब्बाथाची. कोकणात आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या लेकीने शनिवारी वॉर्डात जावे काय?

तेलाचा घाणा रविवारपर्यंत थांबू शकतो; रुग्णाचा श्वास थांबत नाही. पिकुआह नेफेश, म्हणजे जीव वाचविणे, शब्बाथाहून श्रेष्ठ आहे, ही आपल्या धर्माचीच आज्ञा होय. मात्र ही मुभा रुग्णाच्या गरजेसाठी आहे, आपल्या सोयीसाठी नव्हे. म्हणून नोकरीच्या मुलाखतीतच शब्बाथाची गोष्ट स्पष्ट सांगावी. रविवारची आणि नाताळची पाळी आपण होऊन मागावी, म्हणजे शनिवार मागताना संकोच वाटत नाही. तरीही शनिवारची पाळी आलीच, तर कोणते काम थांबू शकते आणि कोणते नाही, हे जाणत्या रब्बींना आधीच विचारून ठेवावे.

या गावातील रुग्णालयाचे नाव स्पार्ने खास्टहाउस. ‘खास्टहाउस’ हा रुग्णालयासाठीचा जुना डच शब्द. त्याचा मूळ अर्थ पाहुण्यांचे घर. दारी आलेल्या परक्यांचे पाय धुवावयास पाणी देणाऱ्या अब्राहामच्या लेकरांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि आपण उभे आहोत ती भूमीसुद्धा जुनी नव्हे. 1852 पर्यंत येथे सरोवर होते. वाफेच्या पंपांनी ते उपसले आणि त्यानंतर गाव वसले. येथे सर्वप्रथम राहावयास आलेले सारेच बाहेरून आले होते.

म्हणून आईवडिलांना माझी विनंती : दर आठवड्याला फोनवर “नोकरी लागली का?” असे विचारू नका. “आज कोणता नवा शब्द शिकलीस?” असे विचारा. तिचे नाव नोंदवहीत चढेल, त्या दिवशी याच घरी एलियाहू हनाबीचा मलिदा करू. ते होईपर्यंत या गावातील आपल्या प्रत्येक घराने शुक्रवारी रात्री तिचे ताट मांडावे.

आमेन.