यकृताचा ताठरपणा आणि हृदयाचा भार



पोट फुगले, पायांवर सूज आली, भूक मंदावली, की रोग यकृताचा, असे अनुमान खेड्यात काय किंवा शहरात काय, सहज केले जाते. रोगी पुरुष असला तर दारूचा ठपकाही त्याच्यावर बसतो. परंतु दर वेळी दोष यकृताचाच असतो असे नाही. कित्येकदा मूळ रोग हृदयात असतो आणि यकृत केवळ त्याचा भार सोसत असते. हा भेद ओळखण्याच्या कामी, ध्वनिलहरींच्या साहाय्याने यकृताचा ताठरपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी ही पद्धती उपयोगी पडू लागली आहे.

यकृत का तुंबते?

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ एक चतुर्थांश रक्त त्यातून वाहते व पुढे हृदयाच्या उजव्या बाजूस पोहोचते. या वाटेवर परत फिरणारा दाब अडवू शकेल अशी झडप नाही. त्यामुळे हृदयाची उजवी बाजू दुर्बल झाली की तेथील वाढलेला दाब थेट यकृतावर येतो. यकृताभोवती एक पातळ पण चिवट आवरण असते. इंग्रज वैद्य फ्रान्सिस ग्लिसन यांनी 1654 मध्ये त्याचे वर्णन केले. हे आवरण फारसे ताणले जात नसल्याने आत रक्त तुंबले की यकृत टणक होते. अशा यकृताचा छेद जायफळाच्या छेदासारखा दिसतो, म्हणून वैद्यकात त्यास जायफळी यकृत असे म्हणतात.

मोजमापाची रीत

वैद्य पूर्वीपासून बोटांनी पोट चाचपून यकृताचा टणकपणा अजमावीत आले आहेत. त्याच स्पर्शज्ञानाला यंत्राची जोड देण्याची कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टन येथे जोनाथन ओफिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडली. पुढे 2003 च्या सुमारास पॅरिसमध्ये खास यकृतासाठी यंत्र तयार झाले. रोग्यास उताणे निजवून, उजवा हात डोक्यामागे घ्यावयास सांगून, बरगड्यांमधून एक हलकासा ठोका दिला जातो. त्यातून उठलेले कंपन यकृतातून किती वेगाने जाते, हे ध्वनिलहरी टिपतात. वस्तू जितकी ताठर, तितका कंपनाचा वेग अधिक, हे यामागील तत्त्व होय. सुई टोचावी लागत नाही, वेदना होत नाही आणि काही मिनिटांत काम संपते.

निष्कर्ष किलोपास्कल या एककात मिळतो. निरोगी यकृताचे माप सर्वसाधारणपणे 5 च्या आसपास असते. इतर लक्षणे नसताना ते 10 च्या खाली असल्यास गंभीर जुनाट विकाराची शक्यता फार कमी, तर 15 च्या वर असल्यास ती बळावते, असा संकेत तज्ज्ञांनी 2021 मध्ये मान्य केला.

पखालीचा दृष्टांत

मात्र येथेच एक सावधगिरी हवी. पाण्याने भरलेली पखाल हाताला ताठ लागते. पाणी ओतून दिले की ती मऊ पडते. जुन्या, वाळलेल्या कातड्याची पखाल रिकामी केली तरी कडकच राहते. यंत्राला ताठरपणा कळतो. तो रक्ताच्या दाबाचा की व्रणतंतूंचा, हे कळत नाही. जर्मनीतील हायडलबर्ग येथील संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिले, की नीलांतील दाब वाढताच यकृताचा ताठरपणा वाढतो आणि हृदयरोग्यांस लघवी वाढविणारी औषधे देऊन साठलेले पाणी कमी केले, की तो उतरतो. म्हणून उपचारानंतर पुन्हा केलेली मोजणी पहिल्या मोजणीइतकीच महत्त्वाची ठरते. दाब वर्षानुवर्षे राहिला तर यकृतात खरेखुरे व्रणतंतूही निर्माण होतात. अशा वेळी माप पूर्णपणे खाली येत नाही.

आपल्या देशात या विवेकाला विशेष मोल आहे. क्षयरोगामुळे हृदयाचे आवरण जाड व आवळलेले होऊ शकते. असा रोगी यकृतरोग्यासारखाच दिसतो. परंतु योग्य वेळी निदान झाले तर औषधोपचार व शस्त्रक्रिया यांनी तो बरा होऊ शकतो. त्यास यकृतरोगी ठरवून घरी बसविणे म्हणजे बरे होण्याची संधी गमावणे होय.

मर्यादा

तपासणीपूर्वी सुमारे तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर माप वाढते. किमान दहा वेळा मोजून मध्यक घेतात. पोटात पाणी झाले असल्यास ठोक्याचे कंपन यकृतापर्यंत नीट पोहोचत नाही. काविळीतील दाह, पित्तमार्गातील अडथळा यांनीही आकडा फुगतो. सारांश, आकडा हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 रोजी सुरू झाला आणि 2021 मध्ये यकृतातील मेदवृद्धीचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात करण्यात आला. या कार्यक्रमांचा लाभ गावापर्यंत पोहोचविताना शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पोट व पाय सुजलेल्या माणसास धाप लागते काय, त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात काय, याची विचारपूस करून त्यास वेळीच रुग्णालयात पाठवावे आणि हृदयाचीही तपासणी होईल असे पाहावे. रोग्याला नाव ठेवण्यापूर्वी रोगाचे नाव नीट कळणे अगत्याचे आहे.